घरच्या संगणकावर जुन्या कन्सोलचा एम्युलेटर: बसवण्याचा क्रम, फाइल्स आणि नेहमीचे अडथळे

प्रश्न थोडक्यात असा: साध्या घरगुती संगणकावर एनईएस, सुपर निन्टेन्डो, सेगा मेगा ड्राइव्ह आणि पहिला प्लेस्टेशन यांचे गेम चालवायचे आहेत. त्यासाठी रेट्रोआर्क (एम्युलेटर, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणारे प्रोग्राम, चालवणारा सांगाडा) बसवलं, पण काही गेम काळ्या स्क्रीनवरच थांबतात, काहींचा आवाज फाटतो, चित्र सरकताना मध्येच अडखळतं आणि बटण दाबल्यावर पात्र उशिरा हलतं. सगळं पहिल्यापासून नीट कसं बसवायचं?

या चार तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत. काळी स्क्रीन बहुतेक वेळा फाइलमुळे येते: बायोस (कन्सोल सुरू होताना चालणारा त्याच्या आतला मूळ प्रोग्राम) नसतो, किंवा गेमची प्रत सदोष असते. आवाज फाटणं आणि चित्र अडखळणं म्हणजे गेमचा वेग आणि मॉनिटरचा वेग जुळत नाही. उशीर मात्र एका जागी नसतो; कंट्रोलर, ग्राफिक्स ड्रायव्हर, स्क्रीन आणि खुद्द गेम अशा चार ठिकाणी तो थोडा थोडा साचतो. एम्युलेटरचाच दोष असण्याची वेळ क्वचित येते. म्हणून आग्रह एकच: एक कन्सोल निवडा, त्याचा एक गेम शेवटपर्यंत नीट बसवा, आणि मगच पुढच्या कन्सोलला हात घाला. हजारो गेम भरलेले तयार संच आणून टाकले की त्यातली कोणती फाइल खराब, कोणती सेटिंग कुणी कशासाठी बदललेली, याचा पत्ता लागत नाही आणि दुरुस्तीला सुरुवात कुठून करायची तेच कळेनासं होतं.

यंत्र आणि बसवणी

एम्युलेशनला प्रोसेसरच्या एका कोअरचा वेग लागतो, कोअरची संख्या नव्हे. एनईएस, गेम बॉय, मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो इथपर्यंत दहा-बारा वर्षांपूर्वीचा साधा लॅपटॉपही पुरतो. प्लेस्टेशनचं चित्र मूळ रिझोल्यूशनच्या चौपट करायचं असेल तर बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. प्लेस्टेशन २, गेमक्यूब आणि वी यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी रेट्रोआर्कच्या वाटेला न जाता पीसीएसएक्स२ आणि डॉल्फिन हे स्वतंत्र प्रोग्राम वापरा. सुधारणा तिथे आधी येतात आणि प्रत्येक गेमपुरत्या सेटिंग्ज तिथेच नीट हाताळता येतात. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा आणि पॉवर मोड कार्यक्षमतेच्या बाजूला ठेवा. वीज वाचवणाऱ्या मोडमध्ये प्रोसेसर वेग उतरवतो आणि आवाज तुटायला लागतो. मग लोक तासन्‌तास एम्युलेटरच्या सेटिंग्ज चाळत बसतात.

रेट्रोआर्क हा स्वतः एम्युलेटर नाही. लिब्रेट्रो नावाच्या जोडणीवर चालणारा तो एक सांगाडा आहे. प्रत्यक्ष कन्सोलची नक्कल करणाऱ्या सुट्या भागांना कोअर म्हणतात (प्रोसेसरच्या कोअरशी याचा संबंध नाही) आणि ते वेगळे उतरवावे लागतात. विंडोजवर रेट्रोआर्क ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये कधीच ठेवू नका. तिथे लिहिण्याची परवानगी नसल्यामुळे सेटिंग्ज आणि सेव्ह टिकत नाहीत. ड्राइव्हच्या मुळाशी वेगळा फोल्डर करा. फोल्डरची नावं रोमन लिपीत आणि छोटी ठेवा. देवनागरी नावांचे मार्ग काही कोअरना वाचता येत नाहीत आणि फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘सापडली नाही’ असा संदेश येतो. क्लाउडशी आपोआप जुळवला जाणारा फोल्डरही टाळा, कारण गेम सेव्ह लिहीत असतानाच जुळवणी सुरू झाली तर फाइल अडकून पडते.

लिनक्सवर फ्लॅटपॅक आवृत्ती घ्या. डेबियन आणि उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातल्या आवृत्तीत कोअर उतरवण्याचा मेनू बंद ठेवलेला असतो. स्टीमवरच्या आवृत्तीतही कोअर वेगळ्या जोडण्यांच्या रूपात मिळतात आणि त्यांची यादी मर्यादित आहे.

पहिल्यांदा उघडल्यावर ऑनलाइन अपडेटरमध्ये जाऊन कोअर माहितीच्या फाइल्स, कंट्रोलर प्रोफाइल, डेटाबेस आणि स्लँग शेडर (चित्राला रूप देणारे फिल्टर) एवढं अद्ययावत करा. मग कोअर उतरवा. एकाच कन्सोलचे पाच-पाच कोअर दिसतील. निवड अशी करा: एनईएससाठी मेसेन, सुपर निन्टेन्डोसाठी एसएनईएस९एक्स, मेगा ड्राइव्ह, मास्टर सिस्टम आणि सेगा सीडीसाठी जेनेसिस प्लस जीएक्स, गेम बॉयसाठी सेमबॉय किंवा गॅम्बाटे, गेम बॉय अॅडव्हान्ससाठी एमजीबीए, प्लेस्टेशनसाठी बीटल पीएसएक्स एचडब्ल्यू. निन्टेन्डो ६४ ला म्युपेन६४प्लस-नेक्स्ट घ्या आणि ग्राफिक्स कार्ड व्हल्कन (ग्राफिक्सची एक आधुनिक पद्धत) चालवत असेल तर त्यात पॅरालेल-आरडीपी निवडा. सुपर निन्टेन्डोसाठी बीस्नेस अधिक काटेकोर आहे, पण जास्त ताकद खातो. यंत्रात तेवढा दम आहे हे आधी तपासा.

तपासायची रीत सोपी आहे. ऑन-स्क्रीन सूचनांमध्ये फ्रेमरेट दाखवा, गेम सुरू करा आणि स्पेस बटणाने फास्ट-फॉरवर्ड चालू करा. आकडा २०० च्या पुढे गेला तर भरपूर सवड आहे. जेमतेम ७०-८० वर अडला तर हा कोअर साध्या खेळालाच कसाबसा पुरेल. उशीर कमी करण्याच्या पुढच्या युक्त्या त्याला झेपणार नाहीत.

बायोस आणि गेमच्या प्रती: सगळ्यात जास्त घोळ इथे

एम्युलेटर वापरणं ही एक बाब आणि गेमची प्रत मिळवणं ही दुसरी. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने २००० साली निकाल दिला की, प्लेस्टेशनचा एम्युलेटर बनवण्यासाठी बायोसचा अभ्यास करताना केलेल्या मधल्या प्रती वाजवी वापरात मोडतात. पण गेम आणि बायोस यांचे हक्क कंपन्यांकडेच राहतात. स्वतःच्या कार्ट्रिज आणि डिस्कवरून प्रत काढणं हा स्वच्छ मार्ग. त्यालाही किती मुभा आहे हे देशोदेशीच्या कायद्यावर ठरतं, तेव्हा आपल्याकडचा नियम पाहून घ्या. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी तांत्रिक कारण भक्कम आहे: स्वतः काढलेल्या प्रतीची खात्री देता येते.

कार्ट्रिज वाचण्यासाठी आर्डुइनोवर आधारलेला, खुल्या आराखड्याचा सॅनी कार्ट्रिज रीडर किंवा यूएसबीवर चालणारा रेट्रोड यांसारखी साधनं आहेत. आधी कार्ट्रिजच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग प्रत दोनदा काढा. दोन्ही प्रतींचा सीआरसी३२ (फाइलच्या मजकुरावरून निघणारी तपासणी-संख्या) एकच आला पाहिजे. वेगळा आला तर पीन नीट टेकत नाही असं समजा आणि पुन्हा पुसा. तो सीआरसी नो-इंट्रो या प्रकल्पाच्या तपासलेल्या प्रतींच्या यादीशी ताडून पाहा, डिस्क असेल तर रीडम्पच्या. जुळला की प्रत निर्दोष, आणि पुढे काहीही बिघडलं तरी संशयितांच्या यादीतून एक नाव कायमचं जातं. याच वेळी कार्ट्रिजमधला सेव्हही वाचून घ्या. आतली छोटी बॅटरी संपली की तो कायमचा गेला, आणि अनेक वर्षांची ही कार्ट्रिज आता त्या टोकाला आली आहेत.

प्लेस्टेशनच्या डिस्क संगणकाच्या साध्या सीडी ड्राइव्हमध्ये वाचता येतात. विंडोजवर इमेजबर्न आणि लिनक्सवर सीडीआरडीएओ वापरा. प्रत बिन (डिस्कवरची माहिती) आणि क्यू (तिच्या ट्रॅकची यादी) अशा जोडीतच काढा, आयएसओमध्ये नको. आयएसओमध्ये प्रत्येक सेक्टरचे २०४८ बाइट उरतात, तर मूळ सेक्टर २३५२ बाइटचा असतो. त्या कापलेल्या भागाबरोबर गेममधले चालते आवाज आणि चित्रफिती बिघडतात, आणि सीडी-ऑडिओचे ट्रॅक तर आयएसओमध्ये येतच नाहीत. म्हणून ‘गेम चालतो पण संगीत नाही’ ही तक्रार आली की पहिला संशय या प्रतीवर घ्या. ड्रीमकास्ट, गेमक्यूब आणि वी यांच्या डिस्क साध्या ड्राइव्हला वाचता येत नाहीत.

क्यू ही साधी मजकूर फाइल आहे. तिच्यात बिन फाइलचं नाव अवतरणचिन्हांत लिहिलेलं असतं. तुम्ही बिनचं नाव बदललं आणि क्यू तशीच ठेवली तर गेम उघडणार नाही. क्यू नोटपॅडमध्ये उघडून आतलं नाव दुरुस्त करा. एम्युलेटरमध्ये उघडायची फाइल क्यू, बिन नव्हे. सगळं चाललं की दोन्ही मिळून सीएचडीमध्ये बदलून टाका. एमएएमई या आर्केडच्या एम्युलेटरबरोबर येणाऱ्या सीएचडीमॅनमधला ‘क्रिएट सीडी’ हा आदेश क्यू घेतो आणि एकच दाबलेली फाइल देतो. माहितीचा एक बाइटही गमावत नाही, जागा बरीच वाचते आणि नाव न जुळण्याची भानगड संपते. गेम अनेक डिस्कचा असेल तर एक एम३यू फाइल करा. तीही साधी मजकूर फाइलच, दर ओळीला एका डिस्कचं नाव. गेम नेहमी एम३यूमधून उघडा. मग सगळ्या डिस्कना एकच मेमरी कार्ड मिळतं आणि डिस्क बदलायला एफ१ दाबून रेट्रोआर्कच्या मेनूतल्या डिस्क कंट्रोलमध्ये जायचं, डिस्क बाहेर काढायची, क्रमांक बदलायचा, पुन्हा आत घालायची. सुटी दुसरी डिस्क थेट उघडली की जुना सेव्ह दिसत नाही, कारण सेव्हचं नाव उघडलेल्या फाइलच्या नावावरून ठरतं.

युरोपातल्या काही प्लेस्टेशन डिस्कवर लिबक्रिप्ट हे कॉपी-संरक्षण आहे. अशा प्रतीला त्याच नावाची, त्या संरक्षणाची माहिती असलेली एसबीआय फाइल सोबत लागते; नसेल तर गेम सुरू होऊनही पुढे कुठेतरी अडकतो.

आता बायोस. बीटल पीएसएक्सला खरा बायोस लागतोच. प्लेस्टेशनचा बायोस बरोबर ५,२४,२८८ बाइटचा असतो. एक बाइटही कमी-जास्त असेल तर फाइल टाकून द्या. जपानसाठी एससीपीएच५५००, अमेरिकेसाठी एससीपीएच५५०१, युरोपसाठी एससीपीएच५५०२ अशी नावं कोअर शोधतो, आणि प्रदेशाप्रमाणे तिन्ही वेगवेगळे लागतात. ही फाइल रेट्रोआर्कच्या ‘सिस्टम’ नावाच्या फोल्डरमध्ये थेट ठेवा, आत उपफोल्डर करून नको. लिनक्सवर मोठी आणि लहान अक्षरं वेगळी धरली जातात, म्हणून नाव पूर्ण लहान अक्षरांत पाहिजे. सेगा सीडीचा बायोस १२८ केबी, गेम बॉय अॅडव्हान्सचा १६ केबी, प्लेस्टेशन २ चा ४ एमबी. यापैकी गेम बॉय अॅडव्हान्सचा ऐच्छिक आहे. एमजीबीए स्वतःची नक्कल वापरून चालतो. कार्ट्रिजवाल्या एनईएस, सुपर निन्टेन्डो आणि मेगा ड्राइव्हला बायोस लागतच नाही.

कोणता बायोस सापडला आणि कोणता नाही हे अंदाजाने ठरवू नका. कोअर चालू करून कोअर माहितीचं पान उघडा. तिथे प्रत्येक फर्मवेअर फाइलसमोर ती आवश्यक की ऐच्छिक, आणि हजर की गैरहजर, हे लिहिलेलं असतं. काळ्या स्क्रीनच्या निम्म्या तक्रारी या एका पानावर मिटाव्यात.

कार्ट्रिजच्या फाइल्समध्येही खोडी असतात. सुपर निन्टेन्डोच्या फाइलच्या आकाराला १०२४ ने भागून ५१२ बाकी उरत असेल, तर सुरुवातीला जुन्या कॉपी-यंत्राने जोडलेला ५१२ बाइटचा मथळा आहे. एसएनईएस९एक्स तो ओळखून बाजूला काढतो, पण भाषांतराचे पॅच चुकीच्या जागी बसतात आणि सीआरसी जुळत नाही. एनईएसच्या फाइलला उलट १६ बाइटचा मथळा लागतोच. त्यात मॅपरचा (कार्ट्रिजमधल्या मेमरीच्या मांडणीचा) क्रमांक असतो आणि तो चुकला तर चित्राच्या जागी नुसता कचरा दिसतो. निन्टेन्डो ६४ च्या फाइल्समध्ये बाइटचा क्रम तीन प्रकारचा सापडतो. हेक्स एडिटरमध्ये पहिले चार बाइट ८० ३७ १२ ४० दिसले तर क्रम मूळ आहे, ३७ ८० ४० १२ असतील तर दोन-दोन बाइट उलटे झालेत.

आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचा, कारभार निराळा आहे. तिथली झिप फाइल उघडायची नाही आणि तिचं नावही बदलायचं नाही. आतल्या चिप्सच्या प्रती एमएएमई किंवा फायनलबर्न निओच्या त्या-त्या आवृत्तीशी जुळाव्या लागतात. निओ जिओच्या गेमला त्याच फोल्डरमध्ये निओजिओ नावाची झिपही लागते.

हातात अजून स्वतःची प्रत नसेल तर २४०पी टेस्ट सूट वापरा. हा मोफत प्रोग्राम मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो अशा अनेक कन्सोलसाठी आहे. पुढची सगळी जुळवाजुळव याच्यावर केली तर चित्र सरकण्याची गुळगुळीतता, आवाजाची वेळ, रंग, सगळं मोजून पाहता येतं.

कंट्रोलर

तारेचा कंट्रोलर जोडा. बहुतेक वेळा प्रोफाइल आपोआप लागतं. रेट्रोआर्कचा काल्पनिक कंट्रोलर सुपर निन्टेन्डोच्या मांडणीचा आहे: बी खाली, ए उजवीकडे. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर ए खाली असतो, म्हणून ‘ए दाबला की बी लागतो’ असं वाटतं. ही चूक नाही, जागेनुसार जुळवणी आहे. ती तशीच राहू द्या. मागे स्टीम चालू असेल तर तो बंद करा. दोन्ही प्रोग्राम एकाच कंट्रोलरचा ताबा घेतात आणि एक दाब दोनदा नोंदला जातो. प्लेस्टेशनच्या गेममध्ये अॅनालॉग काठी चालत नसेल तर एफ१, कंट्रोल्स, पोर्ट १ इथे उपकरण ड्युअलशॉक करा. १९९७ पूर्वीचे बरेच गेम अॅनालॉग ओळखतच नाहीत. तिथे साधा डिजिटल कंट्रोलरच ठेवा.

आवाज आणि हालचाल

इथे थोडं गणित समजून घ्या, म्हणजे सेटिंग्ज पाठ कराव्या लागणार नाहीत. अमेरिका-जपानचा सुपर निन्टेन्डो सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम दाखवतो, गेम बॉय ५९.७२७५, मेगा ड्राइव्ह सुमारे ५९.९२. तुमचा मॉनिटर ६० किंवा ५९.९४ हर्ट्झवर चालतो. गेमला मूळ वेगाने सोडलं तर ठरावीक काळाने एक फ्रेम दोनदा दिसते किंवा गळते. चित्र मॉनिटरला बांधून ठेवलं तर आवाज उरतो किंवा कमी पडतो, आणि तो फाटतो. रेट्रोआर्क यावर असा तोडगा काढतो: चित्र मॉनिटरच्या तालावर चालवायचं आणि आवाजाचा दर अगदी सूक्ष्म ताणायचा किंवा दाबायचा. सुपर निन्टेन्डोच्या बाबतीत फरक ०.१६ टक्के, कानाला कळणारही नाही इतका.

हे जमण्यासाठी व्हीसिंक (चित्र मॉनिटरच्या तालावर ठेवणं) चालू, ऑडिओ सिंक चालू, डायनॅमिक रेट कंट्रोल (आवाजाचा दर किती ताणायचा त्याची मर्यादा) ०.००५ आणि थ्रेडेड व्हिडिओ बंद, एवढं पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॉनिटरचा खरा वेग रेट्रोआर्कला ठाऊक असला पाहिजे. व्हिडिओच्या आउटपुट विभागात अंदाजित रिफ्रेश रेट सतत मोजला जातो. पूर्ण स्क्रीन करून आकडा स्थिर होईपर्यंत, मिनिटभर तरी, थांबा आणि मग तो कायम करा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर १४४ ला ६० ने भाग जात नाही. काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दिसतात, म्हणून सरकणारी पार्श्वभूमी थरथरते. तो १२० वर उतरवा. जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग बदलता ठेवणारी सोय) असेल तर ‘मूळ फ्रेमरेटशी तंतोतंत जुळवा’ हा पर्याय चालू करा, म्हणजे मॉनिटरच गेमच्या वेगाने चालेल. हा उपाय सगळ्यांत चांगला. युरोपातल्या ५० हर्ट्झच्या गेमलाही तोच खरा उपाय आहे, कारण ५० आणि ६० मधली २० टक्क्यांची तफावत आवाज ताणून भरून निघत नाही.

आवाज तरीही तुटत असेल तर ऑडिओ लेटन्सी ६४ मिलिसेकंदांवर परत न्या, विंडोजवर आवाजाचा ड्रायव्हर वासापी ठेवा, आणि मग टप्प्याटप्प्याने ४८, ३२ असा उतरत जा. पहिली खरखर आली की एक पायरी वर थांबा.

उशीर

टीव्हीवर खेळत असाल तर आधी त्याचा गेम मोड चालू करा. चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत टीव्ही अनेक फ्रेम अडवून धरतो आणि एम्युलेटरमधली कोणतीही सेटिंग ते परत मिळवून देत नाही. त्यानंतर ग्राफिक्स: व्हल्कन वापरत असाल तर स्वॉपचेन प्रतिमा (दाखवण्याआधी रांगेत ठेवलेल्या फ्रेम) ३ वरून २ करा, ओपनजीएल असेल तर हार्ड जीपीयू सिंक चालू करा. फ्रेम डिले आपोआपवर ठेवा. एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. हा पर्याय कंट्रोलर वाचण्याची वेळ त्या फ्रेमच्या शेवटाकडे ढकलतो.

यापुढची पायरी रन-अहेड. जुने गेम स्वतःच बटणाला एक-दोन फ्रेमनंतर उत्तर देतात. मूळ कन्सोलवरही तसंच होतं. रन-अहेड त्या फ्रेम आधीच मोजून दाखवतो. किती ठेवायचे ते गेमनुसार मोजा. पी दाबून गेम थांबवा. उडीचं बटण दाबून धरा. मग के एकेकदा दाबून फ्रेम पुढे न्या आणि पात्र कितव्या दाबाला हललं ते पाहा. तिसऱ्या दाबाला हललं तर त्यातून एक वजा करा आणि रन-अहेड २ ठेवा. जास्त ठेवलं की उडीची सुरुवातच दिसत नाही, पात्र हवेत उमटल्यासारखं दिसतं. रन-अहेड २ म्हणजे प्रोसेसरवर जवळपास तिप्पट काम. फास्ट-फॉरवर्डचा तो २०० चा आकडा इथे कामी येतो. आवाज चिरकला तर कोअरची दुसरी प्रत (सेकंड इन्स्टन्स) वापरण्याचा पर्याय चालू करा. यंत्र कमकुवत असेल तर प्रीएम्प्टिव्ह फ्रेम्स वापरा. ते फक्त बटण बदललं तेव्हाच मागच्या फ्रेम पुन्हा मोजतात. प्लेस्टेशन आणि त्यापुढच्या कन्सोलवर या वाटेला जाऊ नका.

चित्र

सुपर निन्टेन्डोचं चित्र २५६ बाय २२४ पिक्सेलचं, पण टीव्हीवर ते ४:३ मध्ये पसरायचं, म्हणून पिक्सेल चौकोनी नव्हते. प्रमाण ‘कोअरने दिलेलं’ ठेवा. १६:९ वर ताणलेलं चित्र पाहवत नाही. १०८० ओळींच्या स्क्रीनवर २२४ ची चौपट ८९६ होते आणि पाचपट ११२०. पूर्णांक पटीत वाढवायचं तर एकतर वर-खाली काळी पट्टी ठेवा, किंवा पाचपट करून मूळ चित्राच्या वरच्या चार आणि खालच्या चार ओळी कापू द्या. जुन्या टीव्हीवर त्या ओळी बहुधा कडेखाली जायच्याच, म्हणून बऱ्याच गेममध्ये दुसरा पर्याय चालतो. अपूर्णांकी पट ठेवली आणि फिल्टर नसला की काही पिक्सेल चार ओळींचे, काही पाच ओळींचे होतात आणि पार्श्वभूमी सरकताना ती लहरते. तेव्हा शार्प-बायलिनियर शेडर लावा.

सीआरटी शेडर (जुन्या काचेच्या टीव्हीचं रूप देणारा) हा नुसता जुनेपणाचा मुलामा नाही. मेगा ड्राइव्हचे चित्रकार एकाआड एक उभ्या रेघा काढत, कारण कंपोझिट केबलमधून जाताना त्या एकमेकींत मिसळून पारदर्शक दिसत. १९९१ च्या सोनिकमधला धबधबा आजच्या स्वच्छ स्क्रीनवर जाळीसारखा दिसतो, तो यामुळेच. तिथे एनटीएससी (जुन्या अमेरिकी-जपानी टीव्हीची पद्धत) मिश्रणाचा शेडर लावलात की चित्रकाराच्या मनातलं पाणी दिसतं. हलक्या यंत्रावर झेडफास्ट-सीआरटी, ताकदवान यंत्रावर सीआरटी-गेस्ट-अॅडव्हान्स्ड. स्लँग प्रकारचे शेडर व्हल्कन आणि डायरेक्ट३डी ११ वर चालतात; जुन्या ‘जीएल’ ड्रायव्हरवर ते यादीत दिसतच नाहीत.

प्लेस्टेशनमध्ये भिंती आणि जमीन थरथरतात, कारण त्याचं भूमितीचं गणित कोपऱ्यांच्या जागा पूर्णांकातच देत असे. कोअरच्या पर्यायांतलं पीजीएक्सपी चालू केलं की हे थांबतं. फक्त ‘मेमरी’ एवढाच पर्याय घ्या. ‘मेमरी आणि सीपीयू’ने जास्त गेम मोडतात.

सेव्ह

एसआरएम म्हणजे गेमचा स्वतःचा सेव्ह, कार्ट्रिजच्या बॅटरीवर असायचा तोच. स्टेट म्हणजे त्या क्षणाचा पूर्ण गोठवलेला कन्सोल. एफ२ ने जतन, एफ४ ने परत. स्टेट कोअरच्या आवृत्तीला बांधलेलं असतं. कोअर अद्ययावत केला की जुनं स्टेट उघडेलच असं नाही, पण एसआरएम वर्षानुवर्षं आणि दुसऱ्या एम्युलेटरमध्येही चालतो. म्हणून लांबच्या गेममध्ये गेमच्या आतून सेव्ह करा, आणि स्टेट फक्त अवघड जागेच्या सरावाला वापरा.

दोन सापळे आहेत. एसआरएम डिस्कवर लिहिला जातो तो गेम नीट बंद करताना. वीज गेली किंवा प्रोग्राम मारून टाकला तर संध्याकाळभराचा खेळ जाऊ शकतो, तेव्हा सेव्हिंग विभागात सेव्ह-रॅम आपोआप लिहिण्याचा अवधी १० सेकंद करा. दुसरा सापळा जास्त घातक: जुनं स्टेट उघडलं की त्याच्याबरोबर त्या वेळचा सेव्हही परत येतो आणि नव्या सेव्हवर लिहिला जातो. त्याच विभागात ‘स्टेट उघडताना सेव्ह-रॅमवर लिहू नका’ हा पर्याय आहे. तो चालू करा. सेव्ह, स्टेट आणि कॉन्फिग हे तीन फोल्डर मिळून फार जागा घेत नाहीत. कोअर अद्ययावत करण्याआधी त्यांची वेगळ्या ड्राइव्हवर प्रत काढून ठेवा.

सेटिंग्ज कुठे जतन करायच्या

एका गेमसाठी रन-अहेड २ ठेवलं आणि बाहेर पडलात, की ते सगळ्या कन्सोलना लागू होऊन बसतं. बाहेर पडताना सगळी सेटिंग जतन करण्याचा पर्याय त्यासाठी बंद करा. मूळ सेटिंग एकदा बसवून हाताने जतन करा आणि पुढचे बदल गेम चालू असताना एफ१ दाबून ओव्हरराइड्समध्ये ठेवा: कन्सोलभर लागणारे कोअर ओव्हरराइडमध्ये, एका गेमचे गेम ओव्हरराइडमध्ये. कोअरचे स्वतःचे पर्याय मात्र वेगळ्या फाइलमध्ये जातात. तेही गेमपुरते ठेवायचे असतील तर कोअर ऑप्शन्समध्ये जाऊन गेमची वेगळी पर्याय-फाइल तयार करावी लागते.

इतकं करूनही गेम उघडला नाही तर लॉगिंग चालू करा, नोंदी फाइलमध्ये लिहायला सांगा, गेम पुन्हा उघडून बंद करा आणि फाइल खालून वर वाचा. शेवटच्या वीस-तीस ओळींत बायोसचं न सापडलेलं नाव, क्यूमधला चुकलेला मार्ग किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा नकार यांपैकी काहीतरी स्पष्ट लिहिलेलं असतं. कुणाला मदत विचारायची असेल तर ती फाइल, कोअरचं नाव, त्याची आवृत्ती आणि गेमच्या प्रतीचा सीआरसी एवढं सोबत द्या.